पारावरचा दगड

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २०-२१



आमच्या सांगलीकडच्या गावात पाराशेजारी एक कोरीव दगड आहे. बाजारच्या दिवशी भाजीवाल्या मावशी त्याला टेकून बसायच्या. मी तर लहानपणी चपलेचा चिखल त्यावरच घासायचो. देवळातला नव्हता, मग देवाचा कसा वाटणार?

मागे वाई तालुक्यातल्या किकलीला गेलो. तिथे भैरवनाथाच्या देवळापाशी असे कितीतरी दगड दिसले. हे वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्यांची स्मारकं. वाचायचे खालून वर. खाली लढाई आणि पडलेला वीर. काही दगडांवर गाईही असतात, म्हणजे हा गुरं सोडवताना गेला. मध्ये अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वर तो शिवपिंडीची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव मात्र नाही.

आजच्या श्लोकांत भगवंत सांगतात, पुण्य संपलं की स्वर्गातूनही परतावं लागतं. मला तो दगड आठवला. त्यातही स्वर्ग मधल्याच टप्प्यावर आहे. शेवटचा टप्पा भक्तीचा.

आणि आपण? प्रमोशन, फ्लॅट, फॉलोअर्स... मधल्या टप्प्यालाच शिखर समजून बसलोय. मीही.

परवा गावी गेलो तेव्हा तो दगड साध्या पाण्याने धुतला. शेंदूर नाही, ऑइलपेंट नाही. खालच्या कोपऱ्यात एक गाय दिसली. इतकी वर्षं मी तिच्यावरच चिखल पुसत होतो.

आजचा प्रश्न: माझ्या दगडावर सर्वांत वर काय कोरलेलं असेल?