कंपवात आणि औषधाची अखंड धार

१८१७ साली डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेल्या कंपवातात मेंदूतील डोपामीन बनविणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. गोळीतील लेव्होडोपा मेंदूत डोपामीनचे रूप घेतो; परंतु रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दीड तासात निम्मे होते. आरंभी उरलेल्या पेशी डोपामीन साठवून पुरवितात. रोग वाढला म्हणजे हा हौद आटतो. मग गोळी लागू असता रोगी चालतो, उतरताच जखडतो. घरची माणसे यास ढोंग समजतात. आम्ही निक्षून सांगतो, ते ढोंग नव्हे. अशा रोग्यांस पंपाने लहान आतड्यात वा त्वचेखाली औषधाची संथ, अखंड धार देता येते. रोग हटत नाही, पण जखडलेले तास घटतात. गोळ्यांवर असलेल्यांच्या वेळा मात्र आपण घड्याळाबरहुकूम पाळाव्यात.