तलावाचा फोटो

चि. बंड्यास,


माळ्यावरच्या ट्रंकेतले माझे फोटो स्कॅन केलेस, झकास झालं. पण घरच्या ग्रुपवर तलावाच्या फोटोखाली ‘म्युनिक ऑलिंपिक १९७२, मुरलीकांत पेटकर, काकांच्या कॅमेऱ्यातून’ असं लिहिलं आहेस, ते आधी काढ. आत्यानं अभिमानानं मला फोन केला, तरी काढ.

ते म्युनिक नव्हे, हायडेलबर्ग. म्युनिकच्या क्रीडाग्रामातली घरं ऑलिंपिकनंतर लगेच लोकांच्या ताब्यात द्यायची होती, म्हणून अपंग खेळाडूंच्या स्पर्धेला तिथं जागा उरली नाही. हायडेलबर्ग विद्यापीठानं ती आपल्याकडे घेतली. २ ते ११ ऑगस्ट. म्युनिकचं उद्‌घाटन व्हायच्या आतच हायडेलबर्गचं सगळं आटोपलंही. मी तिथं शिकत होतो, सुट्टी होती, कॅमेरा नवा होता. माझं कर्तृत्व एवढंच.

पेटकर तिथं होते, हे खरं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान. ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पण माझ्या फोटोत पाण्याचे शिंतोडे, एक हात आणि अर्धं डोकं आहे. तो हात कोणाचा, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. आपल्याला हवा म्हणून तो सांगलीचा होत नाही. ज्याचा असेल त्याचीही नातवंडं कुठंतरी असतील की! ‘जलतरण तलाव, हायडेलबर्ग, ऑगस्ट १९७२’ एवढंच लिही.

टेबल टेनिसचा फोटो मात्र तू कापलास याचा मला राग आला. मानेच्या मणक्याला इजा झालेल्यांना या स्पर्धेत प्रथमच खेळायला मिळालं ते हायडेलबर्गला. बोटांत पकड नाही, म्हणून बॅट हाताला पट्टीनं बांधलेली. ती पट्टी आवळणारी बाई कडेला होती, तिलाच तू उडवलीस. वर ‘जिद्दीला सलाम’! अरे, तो गडी नुकताच गुण गमावून चडफडत होता. त्याला तुझा सलाम नको होता, पुढचा गुण हवा होता. फोटो पूर्ण ठेव, आणि खाली खेळाचं नाव लिही, गुणगान नको.

मूळ फोटोंच्या मागं बॉलपेननं लिहू नकोस, पुढं वळ उठतात. मऊ पेन्सिल घे. जर्सीवर देशाचं नाव दिसत असेल तर पॅरालिंपिक समितीच्या जुन्या निकालांत शोध. नाव पक्कं झालं तरच लिही, नाहीतर जागा कोरी राहू दे.

आणि त्याच ट्रंकेत तळाशी बिस्किटांचा डबा असेल. त्यात निगेटिव्ह आहेत. पट्टीच्या कडेला आकडे असतात, त्यावरून तलावाच्या आधी आणि नंतर मी काय टिपलं ते कळेल. कडेला धरून काढ, बोटं लावू नकोस.

तुझा,
काका