कॉन्व्हेंटचा फॉर्म भरण्याआधी

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घालायचे ठरले की घरात दोनच गोष्टींवर बोलणे होते: इंग्रजी सुधारेल का, आणि धर्माचे काय? माझ्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न विचारलाच जात नाही. ही शाळा कायद्याने अल्पसंख्याक शाळा आहे का? नुसत्या नावावरून ते कळत नाही. ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ लावलेली प्रत्येक शाळा ख्रिस्ती संस्थेची नसते. पण ती अल्पसंख्याक शाळा असेल, तर शेजारच्या खासगी शाळेत पालकाला असलेले काही हक्क इथे नसतात. घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 मे 2014 रोजी प्रमती खटल्यात निकाल दिला की शिक्षणहक्क कायदा 2009 या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू नाही. त्यामुळे 25 टक्के जागांच्या सोडतीत ही शाळा येत नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा आईवडिलांची मुलाखत घ्यायला त्या कायद्याने केलेली मनाई इथे चालत नाही, आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही, ही हमीही नाही. गरीब घरातल्या पालकाने हे आधीच समजून घ्यावे, कारण सोडतीच्या भरवशावर थांबून वर्ष वाया जाते ते त्याच्याच मुलाचे.

यावर कोणी म्हणेल, मग या शाळांना रान मोकळेच आहे! तसे अजिबात नाही. देणगी उकळण्यावर बंदी घालणारा महाराष्ट्राचा 1987 चा कायदा आहे. मुलाला क्रूर वागणूक दिली तर बालन्याय कायदा 2015 चे कलम 75 लागते. तिथे शाळा कोणाची हे पाहिले जात नाही. मराठी सक्तीचा 2020 चा कायदाही आहे, तेव्हा घरी अहिराणी किंवा मराठी बोलणाऱ्या मुलाचा मराठीचा तास कोणी गाळत असेल तर बेधडक विचारा.

धर्माच्या प्रश्नाचे उत्तर अफवांत शोधू नये, ते घटनेत आहे. कलम 28(3) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्यावर धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही; मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. ही संमती पुष्कळदा प्रवेश-अर्जावरच्या सहीतून जाते, आणि म्हणून मी अर्ज नीट वाचण्यावर इतका भर देतो. सकाळची प्रार्थना सर्वांसाठी आहे का, बायबलचा तास कोणासाठी आहे, मूल्यशिक्षणाच्या तासात काय शिकवतात, हे सहीआधी विचारायचे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांतली सुमारे 74 टक्के मुले अल्पसंख्याक समाजांबाहेरची आहेत. इतक्या पालकांचा विश्वास या शाळांनी मिळवला आहे, आणि तो नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून वंचित घटकांतल्या मुलांचे प्रमाण 9 टक्क्यांच्याही खाली आहे, हेही त्याच अहवालात आहे.

‘कायदा बदलणार आहे’ असे सांगणारेही भेटतात. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 2014 च्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला, हे खरे. पण मोठे पीठ वेगळे सांगत नाही तोवर जुनाच निकाल कायम, आणि पहिलीचा प्रवेश कोर्टासाठी थांबत नाही.

तेव्हा अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र, बोर्डाची संलग्नता, पूर्ण वर्षाची फी आणि मुलाला काढून टाकण्याचे नियम, हे चारही कागद मागा. शाळेने ते लेखी दिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.