बिटकॉइन आणि 'रुपयाचा प्रश्न'

संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "काका, तुम्ही बँकेत आहात, मग सांगा, बिटकॉइन हा पैसा आहे की जुगार?" त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला, त्या निमित्ताने काही वाचन घडले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वीस वर्षे बँकेत काढल्यावर आमचे मत असे झाले आहे की, पैसा ही मुळात एक नोंद आहे. खातेदाराची ठेव म्हणजे तिजोरीत त्याच्या नावाने वेगळी ठेवलेली नोटांची थप्पी नव्हे. तो वहीतील आकडा असतो. आता वही संगणकात गेली, इतकेच. तेव्हा खरा प्रश्न, वही कोणाच्या हाती? आमच्या आजोबांच्या काळी ती सावकाराच्या हाती होती. अंगठा आजोबांचा, अक्षर सावकाराचे. दहाचे वीस केव्हा झाले, हे निरक्षराला कळणार कसे? १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, ते उगीच नव्हे.

बिटकॉइनची कल्पना या वहीशीच निगडित आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. हे नाव कोणाचे, एकाचे की अनेकांचे, याचा निर्विवाद उलगडा झालेला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली होती. ३ जानेवारी २००९ रोजी वहीचे पहिले पान तयार झाले. त्यात लंडनच्या 'द टाइम्स'चा त्या दिवसाचा मथळा नोंदविलेला आहे. सरकार बँकांना दुसऱ्यांदा सावरण्याच्या बेतात असल्याची ती बातमी होती. रोख कोणावर, हे सांगावयास नको.

या वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. साधारण दर दहा मिनिटांनी नवे पान जोडले जाते. त्यासाठी संगणक एक अवघड आकडा शोधण्याची शर्यत लावतात. जिंकणाऱ्यास नवी बिटकॉइन मिळतात. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा असतो, त्यामुळे जुन्या पानावर खाडाखोड केली की पुढची सारी पाने खोटी ठरतात. दहाचे वीस करणे येथे जवळजवळ अशक्य. बक्षीस आरंभी ५० बिटकॉइनचे होते. दर चार वर्षांच्या सुमारास निम्मे होत ते एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर आले. एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाऊ नये, असा नियमच आहे.

येथे डॉ. बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाची आठवण होते. लंडनमध्ये १९२३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी रुपया सुवर्ण विनिमय परिमाणावर चालत असे, आणि केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात त्या पद्धतीचा पुरस्कार केला होता. बाबासाहेबांनी विरोध केला. चलन किती काढावे हे सरकारच्या मर्जीवर राहिले तर ते फुगते, भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणून चलनास पक्की मर्यादा असावी, टांकसाळ सरकारलाही बंद असावी, अशी त्यांची मांडणी होती. मर्जी नको, नियम हवा!

एवढ्यावरून बाबासाहेब बिटकॉइनच्या बाजूचे, असे कोणी म्हणेल तर ती घाई होईल. त्यांना मर्यादा हवी होती ती रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहावी म्हणून. बिटकॉइनची संख्या स्थिर आहे, किंमत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते ६९ हजार डॉलरच्या आसपास होते, वर्षभरात १६ हजारांच्या खाली उतरले. कोणा कामगाराने २०२१ च्या दिवाळीचा बोनस त्यात घातला असता, तर पुढच्या दिवाळीला सुमारे एक तृतीयांश हाती आला असता. घर त्यावर कसे चालावे?

तरी एक गोष्ट आम्हाला नाकारवत नाही. गावचा दुकानदार आजोबांचे नाणे पाणी शिंपडून मगच गल्ल्यात टाकीत असे. नाणे चाले, हात चालत नसे. बिटकॉइनची वही आडनाव विचारत नाही. हे थोडे नव्हे. परंतु ती अडचणही विचारत नाही. आमच्या कौंटरवर चुकीच्या खात्यात रक्कम गेली तर अर्ज करता येतो, साहेबांशी भांडता येते, दाद मागता येते. बिटकॉइनची गुप्त चावी हरवली की रक्कम वहीत दिसते, पण मालकाला हात लावता येत नाही.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर बसविला. कर बसला म्हणजे चलन म्हणून मान्यता मिळाली, असा अनेकांचा समज झाला. तो चुकीचा आहे.

हे सारे आम्ही पुढच्या अभ्यासवर्गात सांगितले. तेव्हा त्या विद्यार्थ्याने हळूच कबूल केले की, शिष्यवृत्तीतले पाच हजार त्याने मित्राच्या सांगण्यावरून घातले आहेत. २०१४ साली टोकियोतील माउंट गॉक्स ही बिटकॉइनची पेढी बुडाली आणि ग्राहकांचे हात त्या वेळी रिकामे राहिले, ही हकिकत त्याला सांगून आम्ही विचारले, "तुझी चावी कोठे आहे?" त्याने मोबाइल काढून एका कंपनीचे ॲप दाखविले. चावी कंपनीकडेच असते, म्हणाला.