थवा मोजायचा कसा?

दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसलं की भिगवण येतं. तिथून जवळच कुंभारगाव. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, त्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. (मासळीच्या कालवणासाठी येणारे वेगळे!)

आमच्या ट्रिपला एकाच थव्याचे आकडे निघाले दोनशे आणि पाचशे. कारण सोपं होतं: पहिला जो ओरडला, त्याचंच बाकीच्यांनी री ओढत धरलं. मग पद्धत ठरली. एका टोकाचे दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढी जागा डोळ्यांत बसवायची आणि तो ठोकळा थव्यावरून पुढे सरकवत न्यायचा. गर्दी दाट झाली की ठोकळा नवा. आकडा ज्याने त्याने गुपचूप वहीत लिहायचा. शेजारी तारीख आणि पाणी किती उतरलंय तेही, कारण धरण तुडुंब असेल तर चिखल बुडालेला असतो आणि उथळ पाण्यात चरणाऱ्या रोहितांना तिथे जागाच नसते.

रोहित मान खाली घालून, उलट्या चोचीने पाणी गाळून खातो. माना वर झाल्या की होडी तिथेच थांबवा. आम्ही फोटोच्या नादात नावाडीदादांना 'अजून थोडं पुढे' म्हणालो, अन् अख्खा थवा उडाला. त्यांचं खाणं मोडलं, आमची वही कोरी.