आठव्या दिवशी कापलेले पैसे

संध्याकाळची सातची वेळ. एका शेगडीवर वरण, दुसरीवर भाजी, दारात इस्त्रीवाला उभा, आणि कमरेला बिलगून पोर म्हणतंय, "आई, हे फ्री आहे गं. फक्त पिन टाक ना." फोन तोंडासमोर धरलेला असतो. त्यावर एक रुपया दिसतो. एक रुपयाच तर आहे, म्हणून आपण ओले हात पदराला पुसतो, आकडे दाबतो आणि पोळ्यांकडे वळतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हे होतं. मुलाला काहीतरी हवं असतं, आपल्याला दहा मिनिटं शांतता हवी असते. त्यातही अ‍ॅप चित्रकलेचं, स्पेलिंगचं किंवा पाढ्यांचं असलं की आपल्याला जरा बरंच वाटतं. नुसते व्हिडिओ बघण्यापेक्षा हे काय वाईट?

मग काही दिवसांनी बँकेचा मेसेज येतो. चारशे नव्व्याण्णव रुपये गेले. कुणाला गेले, ते नावावरून कळत नाही. आधी वाटतं, खात्यावर कुणीतरी डल्ला मारला. धावपळ होते, नवरा-बायकोत विचारपूस होते, फोन उलटासुलटा तपासला जातो. कुणाला तरी ते अ‍ॅप आठवतं, आणि घरातल्या सगळ्या नजरा मुलाकडे वळतात.

त्या क्षणाबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. पैशांचं आपण बघून घेऊच.

आमच्या ओळखीच्या घरातली एक मुलगी तिसरीत आहे. तिने रंग भरायचं एक अ‍ॅप घेतलं होतं, सात दिवस फुकट. आठव्या दिवशी वडिलांच्या खात्यातून पैसे कापले गेले. महिनाअखेर होती, वडील कामावरून दमून आलेले. ते ओरडले, "न विचारता फोनला हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलंय?" खरं तर तिने विचारलं होतं. आईनेच पिन टाकला होता. मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, त्यावर फ्री लिहिलं होतं."

आणि ते लिहिलेलं होतंच. हिरव्या बटणावर, ठसठशीत अक्षरांत. बटणाच्या खाली करड्या रंगात एक बारीक ओळ होती: त्यानंतर दरमहा ४९९ रुपये. जी मुलगी इंग्रजी आत्ता कुठे अक्षर-अक्षर जुळवून वाचायला लागली आहे, तिने मोठी अक्षरं वाचली आणि त्यांवर विश्वास ठेवला. आपणच तर तिला सांगतो ना, लिहिलेलं नीट वाचत जा म्हणून.

त्या रात्री तिने टॅबवरून ते अ‍ॅप काढून टाकलं. स्वतः रंगवलेला मोर, किल्ला, आजीसाठी केलेलं शुभेच्छापत्र, सगळं त्याबरोबर गेलं. अ‍ॅप गेलं की बाबांचे पैसे परत येतील, अशी तिची समजूत. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

पैसे काही आले नाहीत. पुढच्या महिन्यात आणखी ४९९ गेले. घरच्यांना वाटलं, हिने गुपचूप पुन्हा घेतलं असणार. पुन्हा बोलणी बसली. आणि या वेळी तिच्याकडे सांगण्यासारखंही काही नव्हतं, कारण काय झालं हे तिलाच कळत नव्हतं.

फोनवरून अ‍ॅप काढलं तरी सबस्क्रिप्शन चालूच राहतं, हे आपल्यातल्या किती मोठ्या माणसांना माहीत असतं? ते वेगळं बंद करावं लागतं. अँड्रॉइड फोन असेल तर प्ले स्टोअर उघडायचं, वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टिचकी मारायची, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जायचं. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टिचकी मारली की 'सबस्क्रिप्शन्स' दिसतं. तिथे चालू असलेल्यांची यादी असते. पैसे थेट यूपीआयने जात असतील, तर आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाचा कप्पा असतो. दिलेली परवानगी तिथूनही रद्द करता येते. आज रात्री जेवणं झाल्यावर तेवढं उघडून बघाच. एखादं विसरलेलं सबस्क्रिप्शन तिथे सापडलं, तर फार आश्चर्य वाटून घेऊ नका.

"पण मला ओटीपी कसा आला नाही?" हा प्रश्न त्या मुलीच्या वडिलांनी विचारला होता, आणि तो अगदी रास्त आहे. त्या एका रुपयाच्या वेळी आपण जो पिन टाकतो, तो नुसत्या एका रुपयासाठी नसतो. पुढे दर महिन्याला पैसे घ्या, अशी परवानगीही आपण त्याच वेळी देत असतो. यूपीआयवर ही ऑटोपेची सोय २०२० मध्ये आली. एकदा परवानगी दिली की पुढच्या १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्यांना पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये पाच हजारांवरून वाढवली. विजेच्या बिलाला, विम्याच्या हप्त्याला ही सोय खरंच बरी पडते. पण मुलाने पुढे केलेल्या फोनवर तीच परवानगी आपण उभ्या उभ्या देऊन मोकळे होतो.

त्या पडद्यावर आणखीही काही लिहिलेलं असतं. परवानगी कधीपासून कधीपर्यंत, दर महिन्याला की वर्षाला, आणि जास्तीत जास्त किती रकमेची. आपली नजर एक रुपयावर खिळलेली असते, म्हणून ते दिसत नाही. पुढच्या वेळी पिन टाकण्याआधी एवढ्या तीन गोष्टी बघायच्या. भाजी करपणार नाही.

पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवलं पाहिजे, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे मेसेज येतो. पण कुठे येतो? खातं बाबांचं, टॅब आईचा, अ‍ॅप मुलाचं. मेसेज जातो बाबांच्या फोनवर, कर्जाच्या जाहिराती आणि कुरिअरच्या निरोपांच्या गर्दीत. बाबांना त्या अ‍ॅपचं नावही ठाऊक नसतं. ते एसटीत किंवा लोकलमध्ये उभे असतात, बोटाने मेसेज बाजूला सारतात.

कधी कधी फोन आजोबांचा असतो. नातवाने लाडीगोडीने पिन टाकायला लावलेला, आणि पेन्शनच्या खात्यातून दर महिन्याला पैसे जाताहेत. आजोबांना कळतंही. पण नातवाला ओरडा बसेल म्हणून ते गप्प राहतात. अशा घरात कुणीच कुणाला काही सांगत नसतं, आणि तिकडे कंपनीला महिन्याच्या महिन्याला पैसे पोचत राहतात.

आता एक गोष्ट, जी ऐकून मला स्वतःला फार धीर आला. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न्स'विषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाला भुलवून नको ते करायला लावणाऱ्या तेरा युक्त्या त्यांत दिल्या आहेत आणि त्यांना मनाई केली आहे. त्यांतली एक म्हणजे सबस्क्रिप्शनचा सापळा. बंद करायची वाट अवघड करणं किंवा ते बटण लपवणं तर त्यात येतंच. फुकट सबस्क्रिप्शन देतो म्हणून पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप पैसे कापण्याची परवानगी सक्तीने घेणं, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण आठ वर्षांच्या पोरीवर ओरडतो, ती रोखायला देशाला नियम करावा लागला. मोठी, शिकलेली, कमावती माणसं यात अडकतात. मग तिच्याकडून आपण कसली अपेक्षा करतोय?

एवढ्याशा मुलाला 'आज फुकट, नंतर पैसे' हे गणित नीट कळतच नाही. त्याच्यासाठी आठवडा म्हणजे फार लांबची गोष्ट. त्यातून पैसे हल्ली त्याला दिसतही नाहीत. पाकिटातली नोट कमी झालेली त्याने पाहिली असती, तर काहीतरी गेलं हे कळलं असतं. इथे नुसता एक आवाज येतो आणि आईचा चेहरा बदलतो. त्याच्या लेखी घडतं ते एवढंच. मला आवडलेल्या एका गोष्टीमुळे घरात भांडण झालं, हे तो मनाशी धरून ठेवतो.

आपला राग खरा कशावर असतो? महिनाअखेरीवर, कंपनीवर, आणि आपलं वाचायचं राहिलं यावर. पण कंपनी समोर नसते, मूल असतं. मी आपल्याला दोष देत नाहीये. दिवसभराच्या दगदगीनंतर पाचशे रुपये हकनाक गेले की जीव तुटतोच. ज्या घरात त्या पाचशेत आठवड्याची भाजी येते, तिथे तर फारच. पण मुलाला त्यातून एकच गोष्ट कळते, की काही चुकलं तर घरी सांगायचं नाही. आणि मला काळजी वाटते ती याची. कारण आज रंगाचं अ‍ॅप आहे, उद्या कुणी अनोळखी माणूस गेममध्ये फोटो मागेल. त्या दिवशी त्याने आपल्याकडेच धावत यायला हवं.

ओरडून झालंच असेल, तरी वेळ गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला जवळ घ्या आणि सांगा, ते असं मुद्दाम लिहितात, मोठ्यांनाही दिसत नाही. मग दोघांनी मिळून ते बंद करा. शेवटचं बटण त्याला दाबू द्या. त्या बारीक ओळीवर बोट ठेवून त्याच्याकडून वाचून घ्या. मुलांना अशी लपवलेली ओळ शोधायला फार आवडतं. पुढच्या वेळी ती शोधून तुम्हालाच दाखवतील. खाऊच्या पैशांतून मात्र ती रक्कम वळती करू नका. मूल ते बिनबोभाट देऊन टाकतं आणि आपणच गुन्हेगार, असं मनात पक्कं करून बसतं.

पैसे परत मिळतात का? लगेच हालचाल केली तर पुष्कळदा मिळतात. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करून बघा. नंतर थेट अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे मागावे लागतात. अ‍ॅपलकडेही तशी मागणी नोंदवता येते. कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार करा. रक्कम लहान आहे म्हणून संकोच करू नका.

आणि फुकटची चाचणी घ्यायचीच असेल, तर घेतल्या घेतल्या त्याच बैठकीत ती रद्द करून टाका. बहुतेक अ‍ॅप तरीही ठरलेले दिवस संपेपर्यंत चालतात. ते जमणार नसेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयावर मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीच्या तारखेला मुलाकडून गोल करून घ्या. दुधाचा खाडा आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहितो ना, त्याच चौकटीत. दोन दिवस आधी अशासाठी, की आयफोनवर किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं. शेवटच्या रात्री आठवून उपयोग होत नाही.

त्या गोलाच्या दिवशी मुलाला विचारा, हे अजून हवंय का? पुष्कळदा त्याचा जीव तोवर दुसऱ्याच कशात तरी रमलेला असतो. पण कधी तो म्हणेल, हो, हवंय, आणि आपण केलेलं काहीतरी उत्साहाने दाखवेल. मग दोघांनी बसून हिशोब करा. महिन्याला किती, वर्षाला किती, त्याऐवजी काय कमी करता येईल. परवडत असेल आणि पटलं तर घ्या, सगळं वाचून, त्याच्यासमोर पिन टाकून. परवडत नसेल तर तसं सरळ सांगा. मुलं हिरमुसतात, पण खरं कारण सांगितलं तर समजून घेतात. आणि चित्रं काढायची असतील तर कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगीत खडूंची पेटी आणि कोऱ्या कागदांची वही त्याच संध्याकाळी आणून द्या.