मिरवेलीचे रोप घरच्या घरी



गोव्यातील कुळागरांत आणि खानापूरकडील परसांत मिरवेल काही नवी नाही. फणसावर, पोफळीवर ती पिढ्यान्‌पिढ्या चढत आली आहे. तरीही दोन तक्रारी नेहमी कानी येतात. एक, "वेल माजली, पण मिरी धरत नाही." दुसरी, "भर पावसात हिरवीगार वेल बघता बघता वाळली." पुष्कळदा दोहोंचे कारण एकच असते: छाट कुठून घेतली हे आपण पाहिलेले नसते.

वेल कशी निवडावी? दरवर्षी भरपूर घोस देणारी, पाच ते बारा वर्षे वयाची, निरोगी वेल निवडावी. तिच्यावर तोडणीच्या वेळीच खूण करून ठेवावी.

कोणता फुटवा घ्यावा? बुंध्यातून निघून जमिनीवर पसरणारे फुटवे सर्वांत चांगले. जवळ खुंटी रोवून ते तिच्यावर गुंडाळून ठेवावेत, म्हणजे ते मातीत मुळे धरणार नाहीत. वरून खाली लोंबणारे फुटवे घेऊ नयेत. त्यांच्या वेली उशिरा व कमी फळतात. घोस येणाऱ्या आडव्या फांद्यांपासून वेल होत नाही, झुडूप होते. ते कुंडीत लावावयास मात्र छान.

छाट कशी लावावी? फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटवे कापावेत. कोवळा शेंडा व जून बुडखा टाकून मधला भाग घ्यावा. दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत. देठाचा थोडा भाग ठेवून पाने कापावीत. दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग कुजलेले शेणखत मिसळून पॉलिथिनच्या पिशव्या भराव्यात. तळाशी भोके पाडावीत. निदान एक पेर मातीत जाईल अशी छाट लावावी. पिशव्या सावलीत ठेवून बेताचे पाणी द्यावे. मृगापर्यंत रोपे लावण्याजोगी होतात.

लावणी कशी करावी? आधाराच्या झाडापासून एक फुटावर, शक्यतो उत्तरेच्या बाजूस, अर्धा मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. त्यात दोन-तीन रोपे लावावीत. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. पन्नियूर-१ ही जात दाट सावलीत नीट फळत नाही, हे ध्यानात ठेवावे. पहिले पीक साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते.

आता वाळणाऱ्या वेलीविषयी. हा मूळकुज्या रोग. पानांवर काळे डाग पडतात, बुंधा मातीजवळ काळा पडून कुजतो आणि वेल मरते. हा रोग माती, पाणी व रोगट रोपे यांतून पसरतो. मेलेली वेल मुळासकट काढून जाळावी. उरलेल्या वेलींवर पावसाच्या तोंडी व पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात व १०० ग्रॅम चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात कालवून दोन्ही एकत्र करावे. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा.

शेजाऱ्याला रोपे द्यावीत, ही आपली जुनी चाल चांगलीच आहे. पण ज्या बागेत एक जरी वेल अशी मेली असेल, तेथील छाट कोणाला देऊ नये व कोणाकडून घेऊही नये. एका रोगट पिशवीतून भल्या शेजाऱ्याची सगळी बाग जाऊ शकते.